बाजारात मिळतं की!

माणसाच्या उत्साहावर पाणी ओतण्यासाठी मराठीत जी वाक्यं तयार आहेत, त्यांत 'बाजारात मिळतं की!' या वाक्याचा नंबर फार वरचा लागतो. 'तुला हे जमणार नाही' असं कुणी म्हटलं तर निदान 'जमवून दाखवतो' म्हणता येतं. 'लोक काय म्हणतील' याला 'लोक गेले उडत' हे उत्तर आहेच. पण 'बाजारात मिळतं की' याच्यापुढे माणूस गप्प होतो, कारण ते खरं असतं. बाजारात मिळतंच. बाजारात काय मिळत नाही? पुरणपोळी मिळते, तिळगूळ मिळतो, दारात चिकटवायची रांगोळी मिळते, आणि सत्यनारायणाला भटजीसुद्धा आता फोनवर बोटं फिरवून मागवता येतात.

हे वाक्य मी गेली सात वर्षं ऐकतो आहे, कारण मी घरी हेडफोनचे ॲम्प्लिफायर बनवतो. आतापर्यंत नऊ झाले. दहाव्याची तयारी चालू आहे. "अहो, कान दोनच आहेत तुम्हाला," असं आमच्या सौभाग्यवतींनी पाचव्याच्या वेळी लक्षात आणून दिलं होतं. हा त्यांचा मुद्दा बिनतोड असला तरी त्यांच्या साड्यांच्या कपाटासमोर उभं राहून मांडलेला असल्यामुळे मी त्याला उत्तर दिलं नाही.

आता हेडफोनचा ॲम्प्लिफायर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा, तेवढ्यात एक डाख मारून होईल.) फोनमधून किंवा रेकॉर्डप्लेअरमधून गाण्याची जी बारीकशी वीज बाहेर येते, ती कानावर बसवायच्या जाडजूड हेडफोनला पुरेलच असं नाही. काही हेडफोन तीनशे ओहमचे असतात, काही तर सहाशेचे. हे म्हणजे जुन्या पिढीतल्या आत्याबाई. एका हाकेला ओ देत नाहीत. त्यांना तीच हाक पुन्हा, जरा मोठ्यानं, पण शब्द न बदलता जो मारतो, तो ॲम्प्लिफायर. 'शब्द न बदलता' हे महत्त्वाचं. नुसतं ओरडणं कुणालाही येतं.

तर आमचे धाकटे मेहुणे. दर दिवाळीला ते आमच्याकडे फराळाला येतात, चकलीचा तुकडा मोडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "ताई, घरची ती घरची!" आणि तोच चकलीचा हात पुसून माझ्या टेबलाकडे वळून विचारतात, "भाऊजी, हे सगळं बाजारात मिळतं की. किती वाचले हो यात?"

चकलीला कुणी विचारत नाही, किती वाचले. भाजणी, तेल, गॅस, सोऱ्या आणि बायकोचे दोन दिवस यांचा हिशेब मांडला तर घरची चकली कोणत्याही दुकानातल्या चकलीच्या तिप्पट पडेल. सतार शिकणाऱ्याला कुणी म्हणत नाही की रविशंकरांची रेकॉर्ड मिळते की. मग वीज आणि तांबं यांचाच असा काय गुन्हा आहे?

तरीही हिशेब हवाच असेल तर घ्या. मागच्या ॲम्प्लिफायरचे सुटे भाग झाले सातशे चाळीस रुपये. तेवढ्यात किंवा त्याहून थोड्या जास्तीत बाजारात बऱ्यापैकी तयार ॲम्प्लिफायर येतो, वर वर्षाची गॅरंटी. सोल्डरिंगचं आयर्न, मल्टिमीटर, दोन पकडी, भिंग आणि टेबलावर पडलेला डाग झाकण्यासाठी आणलेला टेबलक्लॉथ हे सगळं धरलं तर माझा प्रत्येक ॲम्प्लिफायर दुप्पट पडला आहे. हे मी कबूल करत नाही, जाहीर करतो. ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्यानं छंद करूच नये, भिशी लावावी.

आणि मुळात हेडफोनचा जन्मच कुठला? स्वयंपाकघरातला! अमेरिकेत युटा नावाच्या राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाचे एक गृहस्थ होते. १९१० साली त्यांनी घरी बनवलेला हेडफोन अमेरिकेच्या नौदलाला पाठवला. नौदलानं तो तपासला, पसंत केला आणि आणखी मागितले. तेव्हा बाल्डविननी कळवलं की एका वेळी दहापेक्षा जास्त जमणार नाहीत, कारण ते स्वयंपाकघरात बनतात. त्या दिवशी मिसेस बाल्डविन काय म्हणाल्या याची नोंद इतिहासात नसावी, पण 'बाजारात मिळतं की' असं त्या नक्कीच म्हणू शकल्या नाहीत.

माझी कार्यशाळा स्वयंपाकघरात नाही; तिथे मला आयर्न घेऊन प्रवेश नाही. ती आहे गॅलरीतल्या टेबलावर. माल येतो पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीतून. त्या गल्लीत तपकीर शोधायला मी कधी गेलो नाही. मी जातो तपकिरी पट्ट्यांचे रेझिस्टर आणायला. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा हजार ओहम. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार. ट्यूबलाइटच्या उजेडात नारिंगी आणि लाल यांच्यात जो घोळ होतो, तो सोडवायला मी सौभाग्यवतींना बोलावतो. त्या लांबून बघून सांगतात, "हा नारिंगी कसला? हा शेंदरी. आणि तो डाळिंबी." ओहम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, पण त्यांचा निवाडा मल्टिमीटरवर पडताळला तर आजवर खोटा निघालेला नाही. साड्यांचा उपयोग देशाच्या तांत्रिक प्रगतीला होतो, तो असा.

नकाशा म्हणाल तर तो चू मॉय नावाच्या अमेरिकन गृहस्थाचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं एक साधं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. ते इतकं लहान, की हौशी लोकांनी ते पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलं, आणि डबीसकट ते जगभर गेलं. आपल्याकडे ती डबी सहज मिळत नाही, पण त्याहून थोर वस्तू आहे. शाळकरी पोरांची पत्र्याची कंपासपेटी! लांबीला भरपूर, झाकण बिजागरीचं, आणि पत्र्याची असल्यामुळे बाहेरच्या विजेची गुणगुण आत शिरत नाही. कर्कटक जिथे बसायचं तिथे नऊ व्होल्टची बॅटरी जेमतेम, अंग चोरून, पण बसते.

त्या पेटीत जे चालतं ते एकत्र कुटुंबाच्या इतिहासापेक्षा कमी रंजक नाही. बॅटरी एकच, नऊ व्होल्टची. सर्किटला मात्र हवं असतं अधिक साडेचार, उणे साडेचार आणि मध्ये शून्य. म्हणजे दोन भावांत वाड्याची वाटणी. सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावले की बरोबर मधोमध हद्द पडते. पण ही नुसती कुडाची भिंत. एका भावानं अचानक जास्त विजेची मागणी केली, म्हणजे तबल्यावर जोराची थाप पडली, की ती सरकते. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जाडा कपॅसिटर ठेवायचा. ही त्या त्या भावाची कणगी. अडीअडचणीला तिच्यातून उपसायचं, भिंतीला धक्का लावायचा नाही. मग मधोमध एक आठ पायांची काळी चिप. तिच्याभोवती एक हजारी आणि एक दहा हजारी असे दोन रेझिस्टर लावले, की दहा भागिले एक अधिक एक, अकरा. आत गेलेला सूर अकरा पट होऊन बाहेर येतो. बारा नाही, दहा नाही, अकरा. एवढी मोठी गोष्ट काही पैशांच्या दोन काड्यांनी ठरते, आणि ती कुणी ठरवली? मी! माझ्या घरात इतर कुठल्याही बाबतीत असं घडलेलं मला आठवत नाही.

इथपर्यंत मी मेहुण्यांशी भांडलो. आता आमच्याच लोकांशी.

कारण या छंदाचे खरे शत्रू 'बाजारात मिळतं की' म्हणणारे नाहीतच. खरे शत्रू आमच्या पंगतीत बसलेले कानसेन आहेत. तानसेन लाखात एक निघतो, कानसेन प्रत्येक सोसायटीत निदान दोन. हे लोक ॲम्प्लिफायर बनवतात किंवा विकत घेतात आणि मग तो 'ऐकतात'. गाणं ऐकत नाहीत, ॲम्प्लिफायर ऐकतात. "या कपॅसिटरमुळे वरचा षड्ज जरा कोरडा वाटतो." "ही चिप उबदार आहे, ती चिप थंड आहे." चिप उबदार लागली तर मी आधी शॉर्ट शोधतो. एकानं तर मला सांगितलं की चांदीच्या तारेतून किशोरीताईंचा भूप जास्त सात्त्विक येतो. ताटवाटी चांदीची असली की वरणभात जास्त सात्त्विक लागतो, हे तेच शास्त्र.

आमच्या एका कानसेन मित्राकडे चाळीस हजारांचा ॲम्प्लिफायर आहे. माझ्या कंपासपेटीला ते 'खेळणं' म्हणतात. मी म्हटलं, या एकदा, बघू. एकच सूर वाजवून दोन्हींचा आवाज मल्टिमीटरवर अगदी सारखा केला. ही पहिली अट, कारण जो किंचित मोठा वाजतो तो माणसाला नेहमी 'जास्त मोकळा' वाटतो. मधे चादर टांगली. चादरीपलीकडे सौभाग्यवती, हातात बटण आणि कागद-पेन्सिल. नाणं उडवून, त्यांना येईल तो ॲम्प्लिफायर त्या लावणार. वीस वेळा. कानसेनांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि वीस निकाल दिले. अकरा बरोबर! नुसतं नाणं उडवून निकाल दिले असते तर सरासरी दहा आले असते. त्यावर ते म्हणाले, "आज हवेत दमटपणा आहे." एप्रिल महिना होता, आणि पुणं होतं.

हे काही आमच्याच चादरीमागे घडलं असं नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकानं काहीशे डॉलरपासून बारा हजार डॉलरपर्यंतचे ॲम्प्लिफायर आवाज सारखा करून, नावं झाकून, लोकांना ऐकवले. त्यांत 'मला फरक कळतो' म्हणणारेही होते. एकंदर निकाल अंदाजानं सांगितल्यापेक्षा सरस निघाला नाही. पुढच्या दिवसापासून कानसेनांनी काय केलं? मासिकावर राग धरला.

आणि एक गोष्ट कुणी त्यांच्या कानात सांगावी. ५५३२ नावाची एक चिप आहे. साधारण एका वडापावाच्या किमतीला मिळते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती निघाली आणि जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतल्या मोठमोठ्या मिक्सरांत ती शेकड्यांनी बसली. म्हणजे तुमचं ते आवडतं गाणं तुमच्या चांदीच्या तारेपर्यंत पोचण्याआधी अशा कित्येक वडापावांतून पार होऊन आलेलं असतं. शेवटच्या हातभर अंतरात त्याला सोवळं नेसवून काय होणार?

याचा अर्थ सगळे ॲम्प्लिफायर सारखेच, असा नाही. काही खरोखरच वाईट असतात. खरखरतात, हेडफोन बदलला की स्वभाव बदलतात, आवाज वाढवला की फाटतात. पण वाईटपणा मोजता येतो. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय असं अगम्य टोपणनाव घेतलेल्या एका माणसानं हेच म्हटलं. त्यानं 'ऑब्जेक्टिव्ह टू' नावाचा ॲम्प्लिफायर आखला, अगदी सामान्य चिपा वापरून, त्याची मापं काढून जाहीर केली आणि नकाशा लोकांना देऊन टाकला. कुणीही बनवा, म्हणाला. महागड्या मालाच्या भक्तांशी तो कडकडून भांडला. २०१२ साली तो बोलायचा थांबला तो थांबलाच. तो कोण होता हे आजतागायत जाहीर झालेलं नाही. नाव नाही, फोटो नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही. त्याचा ॲम्प्लिफायर मात्र लोक बनवत राहिले. माझा सातवा तोच आहे.

मग, आवाज जास्त चांगला येत नाही, पैसे वाचत नाहीत, तर बनवायचा कशाला?

दोन वर्षांपूर्वी आमचा टीव्ही बंद पडला. कंपनीचा तरुण आला, अगदी नम्र, टाय लावलेला. त्यानं मागचं झाकण काढलं, एक नजर टाकली आणि सांगितलं, "बोर्ड बदलावा लागेल सर. साडेआठ हजार." मी डोकावलो. एका कपॅसिटरचं डोकं बटाटेवड्यासारखं टम्म फुगलं होतं. मी म्हटलं, "अहो, हा एवढाच बदलला तर?" तो म्हणाला, "आम्ही पार्ट बदलत नाही सर. बोर्ड बदलतो." त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच तेवढंच शिकवलं होतं. मी तपकीर गल्लीतून बारा रुपयांचा कपॅसिटर आणला. टीव्ही अजून चालू आहे. (टीव्हीच्या पोटात प्लग काढल्यावरही काही वेळ वीज दबा धरून बसलेली असते, माहिती नसलेल्यानं हात घालू नये.) साडेआठ हजारांचं मला एवढं काही वाटलं नाही. मला वाटलं त्या 'सर'चं. मी त्याच्यालेखी टीव्हीचा मालक नव्हतोच. टीव्ही कंपनीचा, आणि मी नुसता समोर बसायचा.

आमच्या लहानपणी कल्हईवाला रस्त्यात भाता लावून बसायचा. नवसागराचा धूर निघायचा, कथलाची कांडी फिरायची आणि काळं पातेलं चंद्रासारखं निघायचं. भोवती आम्ही पोरं. कथील वितळतं कसं, चिकटतं कसं, आधी भांडं घासावं का लागतं, हे सगळं फुकटात बघायला मिळायचं. आज माझ्या आयर्नच्या टोकाशी तेच कथील शिशाच्या सोबतीनं एकशेत्र्याऐंशी अंशांवर वितळतं, नवसागराऐवजी राळ जळते, आणि गॅलरीत देवळासारखा वास सुटतो. शेजारच्या आजींनी एकदा विचारलंसुद्धा, कोणता धूप आणता म्हणून. पण आता रस्त्यात कुणी काही उघडून बसत नाही. सगळं डिंकानं चिकटवलेलं. ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपल कंपनीच्या फिल शिलर यांनी नव्या आयफोनमधून हेडफोन खुपसायचं भोक काढून टाकल्याचं जाहीर केलं आणि त्याचं कारण एका शब्दात सांगितलं, 'करेज'. धैर्य! भोक बुजवायला धैर्य लागत असेल, तर आमच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवणाऱ्यांना ते थोडं उसनं द्यावं. भोक गेलं, आणि कानात घालायच्या बिनतारी बिया आल्या. त्यांतली इवलीशी बॅटरी काही वर्षांत मान टाकते, ती बदलायला बी उघडत नाही, मग बी कचऱ्यात. बाजारात मिळतं की दुसरं!

माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेही इलेक्ट्रॉनिक्सला. मार्क चांगले. संगणकाच्या पडद्यावर तो असली सर्किटं झोपेत चालवून दाखवतो. मे महिन्याच्या सुट्टीत तो आला तेव्हा मी त्याच्या हातात आयर्न दिलं. त्यानं ते पेनासारखं, अगदी टोकाजवळ धरायला घेतलं! मी वेळेवर हात मागे ओढला. "काका, आमच्याकडे हे लॅबमध्ये करतात, पण एका बॅचला एकच असतं," तो म्हणाला. चार दिवस तो टेबलावर बसला. पहिल्या दिवशीचे डाख म्हणजे साबुदाण्याची खिचडी, चौथ्या दिवशीचे बरे. बॅटरीबरोबर अडॅप्टरचीही सोय हवी म्हणून त्यानं कंपासपेटीला आणखी एक भोक पाडून तिथे पिन बसवली. हेडफोन लावला. आवाज फाटका. पडद्यावर तर बरोबर चालत होतं!

मी काही बोललो नाही. मला दिसत होतं, पण मी चहा करायला गेलो. तासाभरानं गॅलरीतून आरोळी आली, "काका, पत्रा!" बरोबर होतं. अडॅप्टरच्या पिनेचं अंग उणे टोकाला, हेडफोनच्या पिनेचं अंग मधल्या शून्याला, आणि दोन्ही टेकलेली त्याच एका पत्र्याला. म्हणजे वाड्याची वाटणी झाली, हद्द आखली, आणि एका भावानं मागच्या दारानं सगळी जागा दाबली. पडद्यावरच्या सर्किटला पत्रा नसतो. त्यानं सायकलच्या दुकानातून प्लॅस्टिकचा वॉशर आणला, पिनेखाली घातला, हेडफोन लावला. पुढची चाळीस मिनिटं तो जेवायला आला नाही. वहिनींचा नंतर फोन आला होता, "भावोजी, पोराला काय केलंत? घरातला मिक्सर उघडून बसलाय."

मेहुण्यांना, कानसेनांना आणि कंपनीच्या टायवाल्या तरुणालाही यातलं काही पटत नसेल तर त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर यावं. चादर टांगलेली असेल, मल्टिमीटर मी देईन, नाणं ज्याचं त्यानं आणावं. टायवाल्यानं टाय खिशात घालावा, राळेच्या धुरात आयर्नजवळ तो बरा नाही. चहाचं मात्र मी आत्ताच सांगू शकत नाही. ते मला हिला विचारावं लागेल.